धारच्या सूचनालयातील संगणक

धार आणि देवास ही नावे मराठी माणसाला परकी नाहीत. अठराव्या शतकात मराठ्यांचे घोडे नर्मदा ओलांडून माळव्यात गेले, तेव्हा पवारांच्या घराण्याने या दोन ठिकाणी आपली ठाणी रोवली. देवासास तर तुकोजी आणि जिवाजी या दोघा बंधूंमुळे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदली. 1948 साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. धारचे नाव त्याहूनही जुने. अकराव्या शतकातील परमार राजा भोज याची ही राजधानी. त्याच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय असून चांगले यंत्र कोणते, याचीही चर्चा तेथे आहे. त्याचे भाग नीट सांधलेले असावेत, त्याचा आवाज होऊ नये, ते दीर्घकाळ टिकावे, अशा त्या अपेक्षा. राजाला किमतीची फिकीर नसावी. ती नऊशे-साडेनऊशे वर्षांनी धारच्या जिल्हा पंचायतीला करावी लागली.

1 जानेवारी 2000 रोजी धार जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ या नावाची योजना सुरू झाली. जिल्ह्याची निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासी. सातबाऱ्यासारखा एखादा उतारा हवा असला, की मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी खेटे घालावेत, हा तेथील शिरस्ता. त्यावर उपाय म्हणून आठवडी बाजाराच्या, एस्टीच्या थांब्याच्या किंवा मोठ्या रस्त्यावरच्या गावांत आरंभी एकवीस ‘सूचनालये’ उघडण्यात आली. प्रत्येकात एक संगणक. तो टेलिफोनच्या तारेने धारच्या मुख्य संगणकाशी जोडलेला. आसपासच्या वीस-तीस खेड्यांची सोय एकेका केंद्राने पाहावी, असा संकल्प होता. मंडईचा भाव पाहण्यास पाच रुपये, तक्रार पाठविण्यास दहा, जमिनीच्या उताऱ्यास पंधरा, असे दर ठरले. सगळ्या योजनेचा आरंभीचा खर्च सुमारे पंचवीस लाख, तर एका सूचनालयाचा सुमारे पंचाहत्तर हजार रुपये. त्याच वर्षी स्टॉकहोमचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार या योजनेस मिळाला आणि धारचे नाव परदेशी नियतकालिकांत झळकले.

आता हिशेब पाहण्याजोगा आहे. पाच रुपयांच्या भावपत्रकांवर पंचाहत्तर हजार उभे करावयाचे, तर पंधरा हजार पत्रके विकली गेली पाहिजेत. यंत्राच्या खरेदीत हजार रुपये वाचले, तर दोनशे पत्रकांचा भार उतरतो. म्हणूनच संगणकाच्या पोटातला प्रोसेसर, म्हणजे सारी आकडेमोड करणारी ती चकती, कोणत्या प्रतीची घ्यावी, हा प्रश्न शहरातल्या हौशी गिऱ्हाइकापेक्षा खेड्यातल्या केंद्राला अधिक जिव्हाळ्याचा होता.

कमी प्रतीची चकती जाणूनबुजून पत्करण्याची परंपरा तशी प्रतिष्ठित आहे. 1981 साली आयबीएम कंपनीने आपला पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा इंटेलचा 8086 उपलब्ध असताना तिने 8088 निवडला. आतून दोघे सारखेच. परंतु 8088 ची बाहेरची वाट निम्म्या रुंदीची, त्यामुळे तिला जोडावयाचे बाकीचे भाग स्वस्त पडत. पुढे एप्रिल 1998 मध्ये इंटेलने स्वस्त संगणकांसाठी ‘सेलेरॉन’ काढला, तो मात्र फसला. कारण समजण्यासारखे आहे. स्वयंपाक करणारी बाई मीठ-मोहरी दरवेळी कोठीघरातून आणीत नाही. मिसळणाचा डबा ओट्यावर हाताशी ठेवते. प्रोसेसरलाही असा हाताशी एक साठा लागतो, त्यास कॅश म्हणतात. किंमत उतरविण्यासाठी पहिल्या सेलेरॉनमधून यातला मोठा डबाच काढून टाकला होता! त्याच वर्षीच्या ऑगस्टात 128 किलोबाइटचा लहानसा साठा आत बसवून सुधारलेला 300ए निघाला आणि तो महाग भावंडांच्या बरोबरीने पळू लागला. एएमडी कंपनीचा के6-2 हाही त्याच सुमाराचा स्वस्त पर्याय. म्हणजे 2000 साली खरेदी करणाऱ्यास निवडीला वाव होता. स्वस्त वस्तूतून काय वगळले आहे, एवढे विचारून घेणे मात्र अगत्याचे होते.

सूचनालयांत पेंटियम जातीचे रंगीत पडद्याचे संगणक आले. एवढे बळ त्या कामास लागत होते काय? भावांचा तक्ता वाचणे, अर्ज भरणे, हिंदीत पत्र पाठविणे, एवढेच ते काम. त्या काळचा मोडेम सेकंदाला फार तर छप्पन्न हजार बिट वाहून आणी, तेही तार निर्दोष असेल तर. आणि प्रोसेसर सेकंदाला कोट्यवधी ठोके मोजीत त्याची वाट पाहत बसे. वीज गेली की उरलेला भार यूपीएसवर. त्यातही प्रोसेसरपेक्षा काचेच्या नळीचा पडदाच कितीतरी अधिक वीज खाई. तेव्हा खर्चाची बचत चकतीत करून तो पैसा विजेच्या साठ्यात घालणे हेच अधिक शहाणपणाचे ठरले असते.

यंत्राचा उपयोग नव्हता, असे मात्र म्हणता येणार नाही. बगडी गावची हकीकत त्या काळी बरीच गाजली. बटाट्यास स्थानिक व्यापारी क्विंटलला तीनशे रुपये देऊ करीत असता सूचनालयात इंदूरच्या मंडईचा चारशेचा भाव कळला आणि शेतकऱ्यांनी माल तिकडे नेला. शंभर रुपये क्विंटलामागे! पाच रुपयांच्या कागदाने एवढे केले.

पण असे दिवस थोडे. केंद्र चालविणारा ‘सूचक’ हा गावचाच, दहावीपर्यंत शिकलेला तरुण. त्याला पगार नव्हता. गिऱ्हाईक येईल तेवढीच मिळकत, आणि तीतूनही दहावा हिस्सा जिल्हा पंचायतीकडे. वीज नाही, तार नाही, त्या दिवशी त्याची कमाईही नाही. 2002 साली अहमदाबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटने पाहणी केली, तेव्हा केंद्रांचा वापर अपेक्षेहून फार कमी असल्याचे आढळले. विजेची आणि तारेची रड होतीच. प्रोसेसर अपुरा पडल्याची तक्रार मुख्य नव्हती.

धार-देवास हा सोयाबीनचा मुलूख. त्याच पिकासाठी आयटीसी कंपनीने जून 2000 मध्ये मध्य प्रदेशात ‘ई-चौपाल’ सुरू केले. तारेचा भरवसा नाही हे पाहून तिने उपग्रहाची तबकडी आणि सौर पत्रे बसविले. कंपनीला माल विकत घ्यावयाचा होता, म्हणून तिला हा खर्च परवडला. सूचकाला तो कोठून परवडावा?

महाराष्ट्रात वारणानगरच्या परिसरातील सत्तर गावांसाठी 1998 सालीच संगणकांची योजना निघाली होती. तेथे शेतकरी मुख्यतः आपल्या उसाचे वजन विचारण्यास येत. 2006-07 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तेथील सात गावांत संगणकाच्या जागी साधे मोबाइल फोन वापरून पाहिले. उसाचे वजन लघुसंदेशाने शेतकऱ्याच्या हातात येऊ लागले आणि केंद्राच्या दारात वीज येण्याची वाट पाहत बसण्याचे त्याचे कारण उरले नाही.