जाहिरात फलक ओढणारी विमाने : धोका कोठे असतो?

हलक्या विमानामागे लांबलचक कापडी फलक बांधून तो गर्दीवरून फिरविणे हा आकाशातील जाहिरातीचा जुना प्रकार आहे. समुद्रकिनारे, क्रीडांगणे आणि निवडणूक प्रचार ही त्याची नेहमीची ठिकाणे. भारतीय प्रेक्षकांना त्याचा अनुभव 6 जुलै 2019 रोजी आला. इंग्लंडमधील हेडिंग्ले येथे विश्वचषकातील भारत-श्रीलंका सामना सुरू असताना एका विमानाने राजकीय मजकुराचे फलक मैदानावरून फिरविले आणि भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने त्याबद्दल खेळाडूंच्या सुरक्षेची चिंता व्यक्त केली. मात्र अशा उड्डाणात सर्वांत मोठी जोखीम विमानातील माणसांची असते.

याचे सर्वाधिक परिचित उदाहरण ब्रिटनमधील आहे. 6 मे 2010 रोजी, सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदानाच्या दिवशी सकाळी, यूके इंडिपेंडन्स पार्टीचे उमेदवार नायजेल फराज नॉर्दम्प्टनशायरमधील हिंटन-इन-द-हेजेस धावपट्टीवरून पोलिश बनावटीच्या ‘विल्गा’ विमानात बसले. विमानामागे पक्षाचा प्रचारफलक होता. हा फलक विमानाच्या शेपटाला गुंडाळला गेला आणि उतरण्याच्या प्रयत्नात विमान जमिनीवर आदळले. फराज आणि वैमानिक दोघेही जखमी झाले, पण बचावले.

फलक उचलण्याची पद्धत

फलक जोडून धावपट्टीवरून उड्डाण केल्यास तो जमिनीवर घासतो आणि त्याची ओढही मोठी असते. म्हणून विमान बहुधा मोकळेच उडते. मैदानात दोन उभ्या काठ्यांवर दोराचा फास ताणलेला असतो व फलक जमिनीवर पसरलेला असतो. वैमानिक अगदी कमी उंचीवरून येतो, विमानाखाली लोंबणाऱ्या आकड्यात तो फास अडकवतो आणि पूर्ण शक्ती देऊन विमानाचे नाक वर उचलतो. त्यामुळे फलक पुढच्या टोकापासून क्रमाक्रमाने जमिनीवरून सुटत जातो.

हेच काही क्षण सर्वांत कठीण असतात. तीव्र चढण आणि फलकाची ओढ यांमुळे वेग झपाट्याने घटतो. पंखांचा समोरून येणाऱ्या हवेशी होणारा कोन मर्यादेपलीकडे गेला, की त्यांना मिळणारी उचल एकाएकी कमी होते. वैमानिक या अवस्थेला ‘स्टॉल’ म्हणतात. त्यातून सावरण्यासाठी नाक खाली करून पुन्हा वेग घ्यावा लागतो. त्यासाठी पुरेशी उंची लागते आणि नेमकी तीच येथे नसते.

शेवटचा उपाय आणि त्याची मर्यादा

संकट आले तर दोर तत्काळ सोडून देता यावा, यासाठी वैमानिकाजवळ खटका असतो. परंतु दोर आकड्याखेरीज अन्यत्र अडकलेला नाही, हे त्यात गृहीत धरलेले असते. फलक वा दोर शेपटाला गुंडाळला गेल्यास खटका ओढूनही विमान मोकळे होत नाही. नाक वर-खाली करणारी हलती फळी शेपटावरच असल्याने विमानावरील ताबाही धोक्यात येतो.

नियम काय सांगतात?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना हवाई जाहिरातीचा समावेश प्रवासी वाहतुकीत न करता शेतीवरील फवारणी, छायाचित्रण यांसारख्या ‘हवाई कामां’त करते. अमेरिकेत फलक ओढण्यासाठी विमान वाहतूक प्रशासनाची स्वतंत्र लेखी परवानगी लागते आणि अशा उड्डाणात आवश्यक कर्मचाऱ्यांखेरीज कोणालाही विमानात बसविता येत नाही. हिंटनच्या उड्डाणात प्रवासी होता, हे लक्षात घेता या अटीचे महत्त्व स्पष्ट होते.

भारतात विमान अपघातांचा तपास 2012 मध्ये स्थापन झालेला विमान अपघात अन्वेषण विभाग करतो. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार अशा तपासाचा हेतू दोषी ठरविणे हा नसून पुढील अपघात टाळणे हा असतो.