फिरंगाणातील धर्म, सत्ता आणि जमीन

अमेरिकेतील इंग्रजांच्या तेरा वसाहतींची हकिकत आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी वाचलेली असते. १६०७ साली जेम्सटाउन वसले, १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून धर्मासाठी देशत्याग केलेली मंडळी किनाऱ्याला लागली, वगैरे. परंतु जेम्सटाउनचे पहिले कुंपण उभे राहिले तेव्हा आपल्या डहाणूच्या किनाऱ्यावर युरोपीय अंमल सुरू होऊन जवळजवळ अर्धे शतक लोटले होते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असते. धर्म, राज्यकारभार आणि अर्थव्यवहार यांची जी गुंतागुंत त्या दूरच्या वसाहतींत दिसते, ती आपल्या घरापाशी, तारापूर, डहाणू आणि संजाणच्या पट्ट्यात आधीच घडून गेली होती. मराठे या मुलखाला फिरंगाण म्हणत. त्याचीच थोडी हकिकत येथे सांगावयाची आहे.

सुरुवात एका तहापासून होते. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्यावर हुमायून चाल करून येत होता. त्या अडचणीत त्याने २३ डिसेंबर १५३४ रोजी पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या याच्याशी तह करून वसई व तिच्याखालील मुलूख, त्यात मुंबई बेटही आले, पोर्तुगीजांना देऊन टाकला. या तहातील दोन कलमे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पहिले असे, की गुजरातच्या बंदरांतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गलबतांनी आधी वसईस येऊन परवाना घ्यावा आणि परतीच्या वाटेवर तेथेच जकात भरावी. दुसरे असे, की वसईच्या वसुलातून मशिदींना जी रक्कम पूर्वापार मिळत आली होती ती तशीच चालू राहावी. हरणाऱ्या राजाने आपल्या प्रजेसाठी मागून घेतलेले हे एवढेच संरक्षण होते.

बहादूरशहा १५३७ साली दीवजवळ पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत मारला गेला. त्यानंतर दहा वर्षेही गेली नसतील, तोच पोर्तुगालच्या राजाचा हुकूम आला, की मशिदींकडे जाणारा हा पैसा यापुढे नव्याने ख्रिस्ती झालेल्यांवर खर्च करावा. कलम कागदावर राहिले, पैसा दुसरीकडे गेला. येथे कोणाच्या धर्माला नावे ठेवण्याचा हेतू नाही. प्रश्न दिलेल्या शब्दाचा आहे. ज्याच्याकडे तिजोरीची किल्ली, त्याच्याच हाती देवळाची व मशिदीचीही किल्ली गेली, की तहाच्या कलमाला राखणदार कोण उरतो?

परवान्याचे कलम मात्र कसोशीने पाळले गेले, कारण त्यात उत्पन्न होते. या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. हजला जाणाऱ्या जहाजांनाही तो चुकला नाही. त्यावर मरियम व येशू यांची चित्रे असत, असे अकबराच्या दरबारातील बदायुनी लिहितो, आणि अशा कागदावर प्रवास करावा की करू नये याची चर्चा तेव्हाच्या उलेमांत झाली. मखदूम-उल-मुल्क यांनी तर अशा स्थितीत हज बंधनकारकच राहत नाही असे मत दिले. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजसाठी निघाली, तेव्हा बादशहाच्या घरच्या या स्त्रीलाही परवान्यासाठी सुरतेत बराच काळ अडकून पडावे लागले. मग साध्या नाखव्याची काय कथा!

आपल्या भागाकडे पोर्तुगीज आले ते थोडे नंतर. अशेरीचा किल्ला त्यांनी १५५६ साली मिळविला आणि १५५९ साली दों कोन्स्तांतिनो द ब्रागांझा याने दमण घेतले. संजाण, डहाणू, तारापूर हा पट्टा दमणच्या कक्षेत गेला. (संजाणचे इंग्रज खलाशांनी पुढे 'सेंट जॉन' करून टाकले. अशा वेळी इतिहासापेक्षा कानच जास्त दोषी असतो.) डोंगराखालचे सागवान मनोरकडून खाडीमार्गे वसईस जाई, तेथे गलबते बांधली जात. भात, लाकूड आणि जकात या तिन्हींवर येथील राज्य उभे होते.

कारभाराची रीत मोठी विलक्षण होती. किल्ल्याचा कप्तान तीन वर्षांसाठी नेमला जाई. ही नेमणूक म्हणजे बहुधा जुन्या चाकरीचे बक्षीस. तीन वर्षांत जे काय कमवावयाचे ते कमवून घ्यावे, अशी वृत्ती साहजिकच बळावली. गावे तर थेट वाटूनच दिली. लढाईत कामी आलेले सरदार, त्यांच्या विधवा, मुली यांना एक-दोन गावे 'तीन पिढ्यां'च्या कराराने मिळत. धन्याने राजाला ठरावीक 'फोरो' भरावा, घोडा व शस्त्रे बाळगावी आणि हाक येताच हजर व्हावे, एवढीच अट. जेझुइट आदी धर्मसंघांनाही गावे मिळाली आणि त्यांच्या मिळकती वाढत गेल्या. या 'फोरो'चीच खूण मुंबईच्या फोरास रोडच्या नावात आहे. पगार, घमेले, तुरुंग हे आपले रोजचे शब्दही त्याच लोकांकडून आले. वाचकांनी या तीन शब्दांची एक माळ ओवून पाहावी, त्या राजवटीचे बरेचसे चित्र त्यात येते.

या व्यवस्थेत कसणाऱ्याचे काय झाले? १६९५ साली जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी दमण-वसईकडे आला होता. त्याने लिहून ठेवले आहे, की येथील कुळांची स्थिती गुलामांसारखी आहे आणि कोणी दुसऱ्या गावी पळाला तर धनी त्याला जबरीने परत आणतो. व्हर्जिनियातही जमीन अशीच वाटली गेली. माणूस आणला की पन्नास एकर, असा तेथील हिशेब होता. तंबाखूच्या पिकाने तो मुलूख श्रीमंत केला, इतका की पाद्र्याचा पगारही तंबाखूत मोजला जाई, आणि १६१९ पासून तेथे आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे राबू लागली. फरक एक होता. त्याच १६१९ साली व्हर्जिनियात गोऱ्या वसाहतवाल्यांची निवडलेली सभा भरली. आपल्याकडे पोर्तुगीज नागरिकांच्या नगरसभा होत्या, पण गावच्या कुळाला त्यांत जागा नव्हती. अर्थात व्हर्जिनियाच्या सभेतही गुलामाला किंवा तेथील मूळ रहिवाशाला जागा नव्हतीच.

धर्माच्या बाबतीत अमेरिकेतही सगळे गोडीगुलाबीचे नव्हते. मॅसॅच्युसेट्समध्ये मताचा अधिकार चर्चच्या सभासदांपुरताच होता. वेगळे बोलणाऱ्या रॉजर विल्यम्सला त्यांनी हाकलले, मेरी डायर या क्वेकर बाईला १६६० साली फाशी दिले. छळाला कंटाळून आलेली माणसे सत्ता हाती येताच छळ करू लागतात, हे इतिहासात वारंवार दिसते. पण विल्यम्सला जाण्यासाठी जागा होती. त्याने १६३६ साली ऱ्होड आयलंडची वसाहत स्थापिली आणि सरकारने कोणाच्या श्रद्धेत हात घालू नये असा पायंडा पाडला. फिरंगाणात असा कोपरा नव्हता. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय बसले. मुंबई बेट ज्याच्याकडे खंडाने होते तो नामांकित वैद्य गार्सिया द ओर्ता, याच्या घराण्याचे मूळ ज्यू. तो १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळले आणि १५८० साली त्याची हाडे उकरून जाळली. पोरक्या मुलांना ख्रिस्ती करून वाढविण्याचा हुकूम १५५९ चा. या रीतीबद्दल खाफीखानाने आपल्या इतिहासात कडक तक्रार नोंदविली आहे.

पण बाजाराने धर्मन्यायालयाला आपल्या परीने उत्तर दिले. १६६८ साली मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने ओळखले, की बेटावर माणसे आणावयाची तर त्यांच्या देवाला हात लावता कामा नये. दीवचा बनिया व्यापारी नीमा पारख याच्याशी १६७७ साली झालेल्या करारात त्याला धर्म पाळण्याची पूर्ण मोकळीक दिली गेली. यात ऑन्जियरचे औदार्य किती आणि हिशेब किती, हे वाचकांनी ठरवावे. मला हिशेबच जास्त वाटतो, पण तो हिशेब शहाणपणाचा होता. पोर्तुगीज मुलखातील कारागीर आणि सावकार मुंबईची वाट धरू लागले.

पूर्वेकडे तलासरीच्या बाजूचा मुलूख मात्र कधीच पुरता पोर्तुगीजांच्या मुठीत आला नाही. डोंगरांत रामनगरच्या राजाची सत्ता होती. दमणखालच्या गावांच्या वसुलातला चौथा हिस्सा त्याला मिळत आला होता आणि पोर्तुगीजांनीही तो चालू ठेवला, नाहीतर गावे लुटली जात. चौथ हा शब्द आपण मराठ्यांशी जोडतो, पण तिचे हे जुने उदाहरण आपल्या उशाशीच आहे. १६७२ साली शिवाजी महाराजांच्या फौजांनी जव्हार व रामनगर घेतले, आणि मग तीच चौथ मराठे पोर्तुगीजांकडे मागू लागले.

पुढचा शेवट झपाट्याने आला. मराठ्यांची मोहीम १७३७ साली ठाणे-साष्टीपासून सुरू झाली. १७३९ च्या जानेवारीत तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. डहाणूही त्याच हंगामात मराठ्यांकडे आले आणि मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. शरणागतीच्या करारात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा होती. दोनशे पाच वर्षांपूर्वी बहादूरशहाने जे मागितले होते तेच आता पोर्तुगीजांना मागावे लागले. या वेळी शब्द पाळला गेला. वसईची चर्चे आणि तेथील मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज आजही त्याची साक्ष देतो.

जमिनीचा निकाल मात्र तेव्हाही लागला नाही. पोर्तुगीज धनी गेले, पेशवाई १८१८ साली संपली, इंग्रजी अंमल आला. जंगलपट्टीतील वारल्यांच्या वाट्याला दर वेळी नवा धनी आणि जुनीच वेठ आली. लग्नासाठी कर्ज घेतलेला गडी बायकोसह सावकाराकडे राबत राही, त्याला 'लग्नगडी' म्हणत. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि यापुढे सावकाराच्या शेतावर वेठीने जाणार नाही, रोज बारा आणे मजुरी मिळेल तरच जाऊ, असे त्यांनी ठरविले.