विहारयात्रेची वाट

रविवारीं पहांटे वसईहून आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभें राहिलें, तर मोटारसायकलींचे तांडे एकामागून एक उत्तरेकडे जातांना दिसतात. राजोडीच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनांत गाड्या टेकवाव्या, चहा घ्यावा, समुद्राकडे पाहत घटकाभर बसावें आणि ऊन तापण्यापूर्वीं परतावें, एवढाच या तरुणांचा बेत असतो. त्यांस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. हा रस्ता याच वाहनावरून आम्हींही अनेकदां तुडविला आहे, आणि त्याच्या वळणांची गोडी आम्हांसही लागलेली आहे. परंतु ज्या वाटेनें आपण केवळ मौजेखातर जातों, ती मौजेखातर झालेली नव्हती, हें एकदां ध्यानीं आलें म्हणजे तीच वाट निराळी दिसूं लागते. ती कशी दिसते, तें वाचकांस सांगावें म्हणून हा लेख.

मोटारसायकल हें वाहन तसें अलीकडचें. १८८५ सालीं जर्मनींत डेम्लर व मायबाख यांनीं लांकडी सांगाड्यावर इंजिन बसवून तिचा आरंभ केला, आणि १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्डचा कारखाना निघाल्यावर ती आपल्याकडे मध्यमवर्गीयांच्या हळूहळू आटोक्यांत येऊं लागली. वाहन नवें, पण त्याच्या आवडत्या वाटा मात्र जुन्या. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाला, त्यावर दुचाकीस मज्जाव; म्हणून मोटारसायकलवाले आजही १८३० सालीं खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रस्त्यानेंच खंडाळा चढतात. तो रस्ता कोणीं देखाव्यासाठीं बांधिला नव्हता. फौजांना व मालाच्या गाड्यांना वर चढतां यावें म्हणून बांधिला. पावसाळ्यांत माळशेजच्या धबधब्यांखालीं गर्दी करणारांस जवळच्याच नाणेघाटांतला जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आठवत असेल, तर त्यांस आमचें म्हणणें तेव्हांच पटेल. रम्य वाटा या बहुधा श्रमाच्या वाटा असतात. श्रम विसरले गेले, म्हणजे रम्यता तेवढी उरते.

वसईचा रस्ता या नियमास अपवाद नाहीं. किल्ल्यावरून निघून गिरीज, निर्मळ, वटार, नंदाखाल, आगाशी असा तो अर्नाळ्याकडे जातो, आणि मध्येंच पश्चिमेस फुटणाऱ्या वाटा कळंब, राजोडी, नवापूर या किनाऱ्यावरील गांवांस मिळतात. दोहों बाजूंस केळी, नारळी, पानवेली आणि फुलझाडें यांच्या वाड्या आहेत. रस्ता सरळ असा फारसा कोठें जातच नाहीं. वाडीच्या कुंपणापाशीं तो वळतो, विहिरीला वळसा घालतो, क्रुसापाशीं वा देवळापाशीं थबकल्यासारखा होतो. स्वारास ही वळणें निसर्गाची लीला वाटते. वस्तुतः तो जमिनीचा जुना नकाशाच आहे. वाडीवाल्यानें आपली जमीन राखून बैलगाडीस जेवढी जागा सोडली, तेवढाच रस्ता झाला.

या वाड्यांचें सारें जीवित पाण्यावर. समुद्र हांकेच्या अंतरावर असतां विहिरींस गोडें पाणी कसें, याचें नवल नवख्यास वाटतें. कारण असें कीं, पावसाचें पाणी रेताड जमिनींत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर हलकेंच तरंगत राहतें. तें मुरावें म्हणून येथील लोकांनीं वाड्यांतून बावखलें राखलीं. बावखल म्हणजे वाडीतलें लहानसें तळेंच. पूर्वीं रहाटगाडग्यांनीं बैलांकडून पाणी उपसलें जाई, तें बेताचेंच निघे, आणि पुढल्या पावसाळ्यांत भरून येई. १८६४ सालीं बडोद्याकडील लोहमार्ग मुंबईस जाऊन मिळाला, आणि वसईचीं केळीं, भाजी, पानें व फुलें मुंबईच्या बाजारांत अधिक वेगानें पोहोंचूं लागलीं. तरी वाडीपासून स्टेशनापर्यंतचा रस्ता हाच.

आतां थोडें मागें जाऊं. आज ज्यास नालासोपारा म्हणतात, तें प्राचीन शूर्पारक. ग्रीक खलाशांच्या प्रवासग्रंथांत त्याचें नांव आहे. येथून व्यापाऱ्यांचे तांडे कल्याण, नाणेघाट, जुन्नर या मार्गानें पैठणाकडे जात. पुढें खाड्या गाळानें भरल्या आणि बंदर मागें पडलें. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. १७३७ त मराठ्यांनीं मोहीम उघडून अर्नाळा घेतला, आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांपुढें वसईचा किल्ला नमला. त्या मोहिमेनंतर पोर्तुगीज घंटा घाट चढून देशावर गेल्या. वाईजवळ मेणवलीस, नाशिकास नारोशंकराच्या देवळांत आणि भीमाशंकरास त्या पाहणारांस क्वचितच सुचतें कीं, आपण ज्या घाटवाटेनें मोटारसायकल हांकीत आलों, तिनेंच ही जड घंटा केव्हांतरी वाहून आणिली असेल.

परंतु या सर्वांहून विलक्षण गोष्ट निराळीच आहे. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं सोपाऱ्यास बुरूड राजाच्या कोटांतील स्तूप उकरून काढिला. त्यांतील अवशेषांचा करंडक आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीपाशीं आहे. त्याच वर्षीं सोपाऱ्यास त्यांच्या हातीं अशोकाच्या आज्ञालेखाचा एक फुटका तुकडाही लागला. तो आठव्या शिलाशासनाचा होता. अक्षरें थोडींच उरलीं होतीं. पण गिरनारच्या पाठाशीं तीं ताडून पाहतां लेखाचा आशय स्पष्ट होतो. पूर्वींचे राजे विहारयात्रेस निघत, मृगया आणि तत्सम करमणुकी करीत. अशोकानें मात्र राज्याभिषेकास दहा वर्षें झालीं असतां संबोधीस, म्हणजे बोधगयेस, प्रयाण केलें, आणि तेथून त्याच्या धर्मयात्रा सुरू झाल्या. श्रमण-ब्राह्मणांस भेटावें, वृद्धांची विचारपूस करून त्यांस साह्य करावें, खेड्यापाड्यांतील लोकांत मिसळून त्यांच्याशीं धर्माविषयीं बोलावें, अशी ती यात्रा असे. राजास यांतच अधिक आनंद वाटे, असेंही लेख सांगतो.

भूभागावरील सर्व ठिकाणें सोडून मौजेच्या प्रवासाविषयींचा हा लेख नेमका राजोडीच्या शेजारींच सांपडावा, हा योगायोगच. पण मोठा बोलका योगायोग. त्यावर आणखी कडी अशी कीं, १९५६ सालीं याच किनाऱ्यावरच्या भुईगांवास दुसरा एक तुकडा मिळाला, तो नवव्या शिलाशासनाचा. त्यांत अशोक म्हणतो कीं, आजारपणांत, लग्नांत, पुत्रजन्मीं आणि प्रवासास निघतांना लोक नानाप्रकारचीं मंगलें करतात. करावींत, पण त्यांचें फळ अल्प. खरें मंगल म्हणजे नोकरचाकरांशीं नीट वागणें, वडिलांचा मान राखणें आणि प्राणिमात्राविषयीं संयम. दसऱ्यास मोटारसायकलीस झेंडूची माळ घालणारे आणि मुठीस लिंबू-मिरची बांधणारे आम्ही सर्वजण या लेखाचे आजचे वाचक आहों.

आतां प्रश्न असा कीं, आपली राजोडीची फेरी विहारयात्राच राहणार कीं कांहीं अधिक होणार? हा प्रश्न आम्हीं हौसेनें काढिलेला नाहीं. १९८० नंतर मुंबईची वस्ती वसईकडे वळली. वाड्यांतल्या विहिरींचें पाणी टँकरांनीं इमारतींकडे जाऊं लागलें, बावखलें बुजविलीं जाऊं लागलीं, आणि उपसा वाढला तेथें खालचें खारें पाणी वर येऊं लागलें. याविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीनें जो लढा दिला, त्याचे अग्रणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे याच रस्त्यावरच्या नंदाखालचे. २०२० सालीं उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें. २०२४ त ते निवर्तले. ज्या हिरवाईसाठीं आपण पहांटे उठून येतों, ती आपोआप टिकलेली नसून माणसांनीं धमक्या आणि मनस्ताप सोसून टिकविलेली आहे.

आणि येथेंच आम्हां हौशी मंडळींचें वर्तन तपासून पाहिलें पाहिजे. अरुंद वळणावर भोंगा वाजवीत, सायलेन्सर काढून गर्जना करीत आम्ही जातों, तेव्हां माळ्यावरची आजी दचकते आणि फुलांची टोपली डोक्यावर घेतलेली बाई कुंपणाला टेकते. परततांना आम्ही म्हणतों, ‘रस्ता फार अरुंद, रुंद झाला पाहिजे.’ हें वाक्य किती निष्पाप, आणि किती घातक! रस्ता सरळ व रुंद होण्यास कुंपण मागें सरावें लागतें, कुंपणामागें विहीर जाते, बावखल जातें; मग वाडी विकण्याखेरीज मार्ग उरत नाहीं. म्हणजे ज्या वळणासाठीं आम्ही येतों, तेंच आमच्या सोयीसाठीं नाहींसें व्हावयाचें.

अशोकानें प्रवास सोडला नाहीं. प्रवासाचा हेतु मात्र पालटला, आणि त्यांत त्यास अधिक सुख लाभलें. आपल्यासही तेवढेंच करावयाचें आहे. गाडीचा वेग उतरवावा, वाडीच्या दाराशीं थांबून केळ्यांची फणी किंवा आगाशीचीं सुकेळीं घ्यावीं, पाणी यंदा कोठवर उतरलें तें म्हाताऱ्या वाडीवाल्यास विचारावें. तो सांगेल, आणि घटकाभर सांगत राहील. तितका वेळ ऐकून घेतलें, कीं मौजेची फेरी संपून यात्रा सुरू होते. आणि मग राजोडीचा समुद्र पूर्वीं दिसला होता त्याहून सुंदर दिसतो, हा आमचा अनुभव आहे.