पाकाला साखर धरण्याआधी

अंधेरी पश्चिमेला, भवन्स कॉलेजजवळ, गिल्बर्ट हिलच्या पायऱ्या तुम्ही चढता आहात. वर गावदेवीचं देऊळ, खाली दाटीवाटीची वस्ती, आणि मधे काळ्या बेसाल्टचे उभे, कोनेदार खांब. टेकडीची उंची ६१ मीटर. एका खांबाला तळवा टेकवा, डोळे मिटा.

तळवा भाजतो. तुम्ही सहा कोटींहून अधिक वर्षं मागे आला आहात. देऊळ नाही, वस्ती नाही, मुंबईही नाही. तुमच्या पुढ्यात लाव्हा निवतो आहे, आणि त्याला कसलीच घाई नाही. आतले अणू सावकाश सरकतात, आपापली जागा शोधतात, रांगा धरतात. त्या रांगांचे स्फटिक होतात. दगड निवता निवता आकसतो, तडकतो आणि खांबांत विभागतो. आता पाण्याच्या कडेला चला. तिथे तोच लाव्हा पाण्यात शिरतोय. चर्र आवाज, वाफ, आणि गोळ्यांवर काळाभोर, चकचकीत पापुद्रा. तो काचेचा आहे. रसायन तेच, पण इथल्या अणूंना रांग धरायला सवड मिळाली नाही. जागा सापडण्याआधीच थिजलेला द्रव म्हणजे काच.

मग धातूची काच का दिसत नाही? उत्तरासाठी १९६० सालात, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाला उतरा. पोल ड्युवेझ, विल्यम क्लेमेंट आणि रोनाल्ड विलेन्स सोनं आणि सिलिकॉन यांचा वितळलेला थेंब थंड तांब्यावर जोरात आपटवतात. सेकंदाला दहा लाख अंशांच्या आसपास वेगाने तो निवतो. हाती येते पातळशी कपची, पण आत रांगा नाहीत. धातूचे अणू इतके झटपट जागेवर बसतात, की त्यांना गाठायला एवढी घाई करावी लागते.

पुढची दोन दशकं हाच अडसर राहतो. १९८० च्या दशकात घाटकोपरहून ट्रॉम्बेला या. भाभा अणुसंशोधन केंद्रात श्रीकुमार बॅनर्जी आणि त्यांचे सहकारी झिर्कोनियमवर आधारित धातूच्या काचा अभ्यासत आहेत. भरधाव फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर वितळलेल्या धातूची धार पडते आणि केसाच्या जाडीची फीत सळसळत बाहेर येते. सुंदर असते ती. पण फितीचा दांडा होत नाही. पॅलेडियमच्या मिश्रधातूंचे जाड तुकडे जमले होते, पण तो धातू फार महाग.

आता जरा मुलुंडला, दिवाळीच्या आदल्या दुपारी. तुम्ही दहा वर्षांचे आहात, आजी चिरोट्यांचा पाक करते आहे. "लिंबू पिळ रे बाळा, नाहीतर पाकाला साखर धरेल." तुम्ही पिळता. आंबटपणाने साखरेचे काही रेणू तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. वेगवेगळ्या घडणीचे रेणू एकमेकांच्या आड येतात, रांग जमत नाही, पाक नितळ राहतो. घाई न करता स्फटिक टाळण्याची ही युक्ती आहे. मला या साऱ्या कथेतली हीच जागा सर्वांत जवळची वाटते.

१९८० च्या दशकाचा शेवट. जपानमधलं सेंदाई, तोहोकू विद्यापीठ. अकिहिसा इनोउए लँथेनम या दुर्मिळ मृदा धातूत ॲल्युमिनियम आणि निकेल मिसळतात: शंभर अणूंत ५५, २५ आणि २०. लँथेनमचा अणू निकेलच्या सुमारे दीडपट मोठा, आणि या तिघांना एकमेकांची ओढही जबर. लहानमोठे अणू इतके घट्ट गुंततात की रांग लावायची तर आधी सगळ्यांनाच हलावं लागेल. रस तांब्याच्या साच्यात ओतला जातो, निवायला लाखो अंशांचा वेग लागत नाही, आणि काही मिलिमीटर जाडीची धातूची काच सरळ ओतकामातून निघते. पुढे तांबं आणि कोबाल्ट मिसळून जाडी ९ मिलिमीटरवर गेली.

अशा काचेत स्फटिकांच्या थरांसारखे एकमेकांवरून घसरणारे थर नसतात. म्हणून ती सुमारे २ टक्के ताणूनही सोडल्यावर मूळ आकारात परतते. नेहमीचे धातू त्याच्या कितीतरी आधी कायमचे वाकतात. मात्र ताण हद्दीबाहेर गेला की बहुधा एकदम तुटते, आणि लँथेनमच्या किंवा सिरियम या दुसऱ्या दुर्मिळ मृदा धातूच्या काचा मजबूत पोलादाच्या ताकदीला पोहोचत नाहीत. त्यांचं मोल वेगळं आहे. २००५ सालात, बीजिंगला, एका भांड्यात डोकावा: उकळीच्या जवळ आलेलं पाणी, त्यात सिरियमच्या काचेची कांडी. ६८ अंश सेल्सिअसला ही काच मऊ पडू लागते. पाण्यात ती वाकते, दाबली तर ठसा घेते, आणि गार झाली की पुन्हा धातूसारखी टणक. धातू असून प्लॅस्टिकसारखा घडवता येतो!

डोळे उघडा. तळव्याखालचा खांब गार आहे.

येत्या दिवाळीत पाकात लिंबू पिळाल, तेव्हा घरातल्या मुलांना जवळ बोलवा. साखर का धरत नाही, हे त्यांना पाकाकडे बघतच सांगा, आणि पाठोपाठ लँथेनमचं नावही सांगून टाका.