आजीचा उन्हाळा

वसईचा इतिहास सांगायला बसले की तीन साले हमखास पुढे येतात. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने हा प्रांत पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला, १७३९ साली चिमाजीअप्पांनी किल्ला जिंकला आणि १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने याच भूमीवर इंग्रजांशी तह केला. राज्ये आली आणि गेली. त्यांचे कागद दप्तरांत राहिले. परंतु या उलथापालथीत नंदाखाल, निर्मळ, आगाशी, गास, भुईगाव, पापडी अशा गावांतून विखुरलेली ख्रिस्ती घराणी एकमेकांना धरून कशी राहिली, याचे उत्तर कोणत्याही तहनाम्यात सापडत नाही. ते शोधायचे तर निदान गेल्या शतकापुरते आपल्याला स्वयंपाकघरात, वाडीत आणि विहिरीच्या काठावर जावे लागते. तेथे एक मोठी व्यवस्था गाजावाजा न करता चालत होती. तिला मी ‘आजीचा उन्हाळा’ म्हणतो.

आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांच्या आजी-आजोबांचा हा काळ, म्हणजे साधारणपणे १९३० ते १९७०. त्या उन्हाळ्याची आठवण निघाली की आंबे, ताडगोळे, करवंदे आणि समुद्रावरची आंघोळ एवढेच बोलले जाते. ते खोटे नाही. मात्र ती मुलांची आठवण आहे. मोठ्या माणसांचा उन्हाळा वेगळा होता.

कामाचा हंगाम

शाळेला सुट्टी लागे. वाडीला लागत नसे. भाताची शेते त्या दिवसांत मोकळी असली तरी केळी, पानवेली, फुलझाडे आणि भाजीपाला यांना पाणी द्यावेच लागे, आणि उन्हाळ्यात ते अधिक द्यावे लागे. वसईच्या बागायतीचा जीव विहिरीत आणि बावखलात होता. बावखल म्हणजे वाडीत खणलेला मोठा खड्डा. पावसाळ्यात तो भरे, त्याचे पाणी जमिनीत मुरून भोवतालच्या विहिरी गोड ठेवी आणि उरलेले शिंपणीला उपयोगी पडे. समुद्र इतका जवळ असताना गोडे पाणी टिकवून धरण्याची ही युक्ती आपल्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळली. विहिरीवर रहाट असे. जनावर गोल फिरे, माळेतली गाडगी भरून वर येत, पन्हळीतून पाणी पाटाला लागे आणि आळ्याआळ्यांतून फिरे. भल्या पहाटे सुरू होणारी रहाटाची कुरकुर हे त्या उन्हाळ्याचे खरे संगीत होते.

त्याच्या जोडीला आगोटीची तयारी असे. जूनच्या पावसाने वाटा बंद होण्यापूर्वी चार महिन्यांची बेगमी करायची. राब भाजायचे, घर शाकारायचे, सरपण फोडून कोरड्या जागी रचायचे, मिठागरावरचे मीठ भरून ठेवायचे. अर्नाळा आणि पाचूबंदरच्या कोळणींकडून सुके बोंबील घ्यायचे आणि बदल्यात वाडीतला जिन्नस द्यायचा. मिरच्या व खडा मसाला वाळवून, भाजून, उखळात कुटायचा. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात घालायची, संध्याकाळी झाकायची, पुन्हा दुसऱ्या दिवशी उन्हात मांडायची. असे काही दिवस केले म्हणजे मधासारख्या रंगाची सुकेळी तयार होत.

एवढे काम एका घराच्या हातांनी उरकणारे नव्हते. म्हणूनच आत्या आपली मुले घेऊन येई, मावशी येई, मामाकडचे दोन तरुण रहाटावर किंवा शाकारणीला येत. आठ दिवसांनी त्यांच्याकडच्या कामाला या घरची माणसे जात. पाहुणा आला म्हणजे कामाला दोन हात आले, असा तो हिशेब होता. तो कोणी लिहून ठेवत नसे आणि कोणी विसरतही नसे. संध्याकाळी याच हातांपुढे तांदळाच्या भाकरी आणि सांदणे वाढली जात. अंगणात चटया पडत आणि गप्पा रंगत.

या चित्राला दुसरी बाजूही होती. माहेरी आलेली लेक चार दिवस सुखाने बसे, तेव्हा त्या घरची सून चुलीपुढे उभी असे. तिच्या माहेरपणाची पाळी येईपर्यंत कधी मे महिना संपून जाई. लग्नासाठी काढलेले कर्ज पुढची काही वर्षे केळीच्या घडांतून फेडावे लागे. जुन्या काळाचे गोडवे गाताना या कष्टांचा विसर पडू नये. तो उन्हाळा मुख्यतः बायकांच्या श्रमांवर उभा होता.

देवळाचे पंचांग आणि लग्नसराई

या सोयरगतीला ख्रिस्तसभेच्या पंचांगाने एक शिस्त घालून दिली होती. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थान सणाच्या अष्टकापर्यंत लग्नाचा समारंभ करण्यास मनाई केली. १९१७ च्या धर्मसंहितेने ही मुदत पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत आणली. अलीकडे प्रायश्चित्तकाळ आणि पलीकडे पाऊस. यांच्यामध्ये जेवढे दिवस मिळतील तेवढ्यात लग्ने उरकायची.

हे दिवस दरवर्षी सारखे नसत. १९४० साली पुनरुत्थानाचा सण २४ मार्चला आला. म्हणजे जूनच्या पावसापर्यंत सुमारे अकरा आठवडे हाती होते. १९४३ साली तोच सण २५ एप्रिलला, म्हणजे येऊ शकेल तितक्या उशिरा आला आणि जेमतेम सहा आठवडे उरले. त्याच वर्षी मे महिन्यात महायुद्धामुळे मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. एकीकडे दिवस थोडे, दुसरीकडे तांदूळ मोजून मिळणारा. अशा वर्षी मांडव घालणे सोपे नव्हते. शेजारच्या आळीने आपले ताटवाटे, आपले तांदूळ आणि आपली माणसे पुढे केल्याशिवाय लग्न पार पडत नसे.

मे हा पवित्र मरियामातेचा महिना. सायंकाळी गावच्या क्रूसाजवळ जपमाळेची प्रार्थना होई. पाहुणे त्या प्रार्थनेला येत आणि कोण कोणाकडे आले आहे, हे गावाला तेथेच कळे. उपवर मुलामुलींकडे वडीलधाऱ्यांची नजर जाई तीही बहुधा तेथेच.

गाडीवाट आणि आगगाडी

बी. बी. अँड सी. आय. रेल्वे १८६४ साली आपल्या भागातून धावू लागली आणि १८६७ साली विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू झाली. १९३६ साली विरारपर्यंत विजेची गाडी आली. या गाडीने वसईची पाने, फुले, केळी, भाजी मुंबईच्या बाजारात नेली. तिनेच आपली माणसे नोकरीसाठी मुंबईला नेली आणि मे महिन्यात त्यांना मुलाबाळांसह परत आणले. स्टेशनाबाहेर बैलगाडी उभी असे. वांद्र्याची किंवा माहीमची मुले गाडीत गवतावर बसून आजोळी पोहोचत, तेव्हा त्यांची बोलीही दोन-चार दिवसांत पालटे. घरच्या बोलीचे धडे ती कोणत्याही शाळेत गेली नव्हती. आजीच्या अंगणात ती त्यांना आपोआप येई.

सहली दूरच्या नसत. एखादा दिवस अर्नाळ्याच्या समुद्रावर, एखादा दिवस वसईच्या किल्ल्यात. होडीने खाडीपलीकडे, उत्तन-डोंगरीच्या सोयऱ्यांकडेही जाणे होई. किल्ल्यातील ओस पडलेल्या चर्चच्या भिंतींपुढे उभे राहून आजोबा नातवंडांना संत गोन्सालो गार्सियांची कथा सांगत. वसईत जन्मलेला हा आपल्या मातीचा पुत्र ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाला आणि १८६२ साली संत म्हणून घोषित झाला. ज्या आजोबांनी इतिहासाचे पुस्तक कधी हाती धरले नव्हते, त्यांनी हा इतिहास पुढच्या पिढीच्या हाती दिला.

वंशावळीची जिवंत वही

या साऱ्या येण्याजाण्याचा एक परिणाम आपल्या ध्यानात सहसा येत नाही. रक्ताच्या नात्यात लग्न होऊ नये, यासाठी ख्रिस्तसभेने फार पूर्वीपासून नियम केले आहेत. १२१५ सालच्या लॅटरन परिषदेने चौथ्या पिढीपर्यंतच्या नात्यात विवाह निषिद्ध ठरवला. १९१७ च्या संहितेने ही मर्यादा तिसऱ्या पिढीपर्यंत आणली. म्हणजे वधूवरांचे पणजोबा एक असतील तर विशेष परवानगीवाचून लग्न होत नसे. धर्मपिता किंवा धर्ममाता आणि धर्मपुत्र-धर्मकन्या यांच्यातही विवाहाला अडथळा होता. १९८३ च्या संहितेने तो काढून टाकला आणि रक्तनात्याची मर्यादा सख्ख्या चुलत, मामे, आते, मावस भावंडांपुरती ठेवली.

एकाच आडनावाची अनेक घरे असलेल्या आपल्या गावांत तीन पिढ्यांचे नाते निश्चित करणे ही किती अवघड गोष्ट आहे, हे कोणत्याही धर्मगुरूने सांगावे. देवळातील स्नानसंस्काराच्या नोंदवहीत नाव असे, आईवडिलांचे नाव असे, धर्मपिता व धर्ममाता यांची नावे असत. १९०७ च्या ‘ने तेमेरे’ या आज्ञापत्राने विवाहाची नोंदही त्याच पानावर करण्यास सांगितले. तरीही कोणत्या घरची लेक कोणत्या आळीत दिली, तिची नात कोणाकडे आली, हे सारे एकत्र जुळवून सांगणारी नोंदवही नव्हती. ती आजीच्या स्मरणात होती. “तिची आजी आणि तुझी आजी सख्ख्या बहिणी” एवढे आजी बोलली की स्थळाचा विषय तेथेच संपे. हे ज्ञान तिने ग्रंथांतून मिळवले नव्हते. दर उन्हाळ्यात घरोघर जाऊन, मसाला कुटताना, मांडवात बसताना, आजाऱ्याला पाहायला जाताना ते तिला मिळाले होते. नात्याचे येणेजाणे हीच तिची शाळा होती.

पाणी आणि नाती

विजेचे पंप आले तसे रहाट थांबले. जमिनीतून उपसा वाढला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बांधकामांचा लोंढा आला, टँकर विहिरींना लागले आणि अनेक ठिकाणी पाणी खारट झाले. त्याच सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी लढा उभारला, तो केवळ झाडांसाठी नव्हता. कितीतरी बावखले भरून टाकली गेली आणि त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. वाडी गेली तेथे वाडीतले काम गेले, काम गेले तेथे मदतीला येणारा पाहुणा थांबला. आता आपण लग्नाच्या सभागृहात दोन तास भेटतो, फोटो काढतो आणि आपापल्या घरी जातो. भेटी होतात, परंतु एकमेकांच्या कष्टांत सहभागी होणे राहिले नाही, आणि ओळख खोल होते ती त्या सहभागातून.

काळ मागे फिरवता येत नाही आणि सुनांच्या माथी तेच कष्ट पुन्हा यावेत, असे कोणी म्हणणारही नाही. परंतु दोन गोष्टी आपल्या हाती आहेत. ज्यांच्या जागेत बावखल शिल्लक आहे त्यांनी ते बुजवू नये. उन्हाळ्याआधी गाळ काढावा आणि त्यासाठी आळीने एकत्र यावे. दुसरी गोष्ट, ज्या घरात आजी आहे त्या घरातील मुलांनी येत्या मे महिन्यात तिच्याजवळ वही घेऊन बसावे. चार पिढ्यांची नावे, गावे, माहेरे, धर्मपिता आणि धर्ममाता लिहून घ्यावेत आणि ती वही घरच्या बायबलसोबत ठेवावी. देवळातील नोंदवह्या धर्मगुरू सांभाळतील. ही दुसरी वही प्रत्येक कुटुंबाने स्वतः लिहायची आहे.