झाडीपट्टीचे तलाव आणि राखणीचा हक्क

वैनगंगेच्या खोऱ्यातल्या भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत, म्हणजे झाडीपट्टीत, मिळून सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. सरकारदरबारी ते माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या बोलण्यात मामा तलाव. मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे त्यांतला नवेगावबांध मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला आहे. सारस हा एके काळी दूरदूरच्या भागांत दिसणारा पक्षी आज महाराष्ट्रात तग धरून आहे तो याच पट्ट्यात, मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात. पाणपक्ष्यांनी गजबजणारे हे तलाव माणसाने बांधलेले आहेत, धानाला आणि उसाला पाणी मिळावे म्हणून. पाणथळ राखायची तर माणसाला तिच्यापासून दूर ठेवले पाहिजे, असा एक समज आपल्याकडे रुजला आहे. झाडीपट्टीचा इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. इथली पाणथळ वापरातून जन्मली आणि वापरातूनच टिकली. ती खालावली ती वापराचा हक्क आणि राखणीची जबाबदारी यांची ताटातूट झाल्यावर.

हे तलाव मुख्यतः कोहळी समाजाने बांधले. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजाने काशीहून कोहळ्यांना आणले, असे त्यांची परंपरा सांगते. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन, असा राजाचा शब्द होता, असेही सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कोहळ्यांची ओळखच तलाव बांधणारे म्हणून करून दिली आहे. नवेगावबांध बांधणाऱ्या कोलू पाटलाला तर लोकांनी कोलासूर म्हणून देवपण दिले. या भागात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. रोवणी होते, धानाच्या बांध्या भरतात. मग हस्ताचा पाऊस हुकला की ऐन निसवण्याच्या वेळी धान सुकते. त्या एका-दोन पाण्यासाठी दोन टेकड्यांमधली खिंड मातीच्या पाळीने अडवायची, ज्यादा पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात सोडायचे, त्याचे पुन्हा खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, अशी ही रचना. पाळ फुटली तर गावच्या गाव उपाशी, म्हणून दर उन्हाळ्यात पाळीवर माती टाकणे, पाट साफ करणे आणि गाळ काढून शेतात नेणे ही कामे ठरलेली असत. ब्रिटिश अमलात गावाचे रिवाज वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिले गेले, तेव्हा पाण्याच्या वापराची वहिवाटही कागदावर आली.

या शेतीच्या वेळापत्रकावर एक आख्खी जीवसृष्टी बेतली गेली. तलावाचा तळ पाळीकडे खोल असतो आणि वरच्या अंगाला हळूहळू उथळ होत जमिनीला मिळतो. धानासाठी पाणी सोडले की काठ मागे सरकतो. हिवाळ्यात त्या गुडघाभर पाण्यात पाणवनस्पती दाटतात, त्यांत गोगलगायी आणि किडे वाढतात, आणि बदके व करकोचे तिथेच चरतात. पाणी आणखी उतरले की ओला चिखल उघडा पडतो, तो चिखल्यांसारख्या पक्ष्यांचा. पहिल्या मोठ्या पावसात मासे वाहत्या पाण्याच्या उलट चढून उथळ काठावर आणि बांध्यांत अंडी घालतात. सारस घरटे करतो ते पावसाळ्यात, बहुधा धानाच्या बांधीतच, आणि इतर वेळी चरायला तलावाच्या उथळ भागात येतो. त्याला बांधीही लागते आणि तलावही. मासेमारी करणाऱ्या ढिवरांना या काठाची खडान्‌खडा माहिती असते, कारण मासे आणि शिंगाडा यांवर त्यांचे पोट आहे.

मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराची मालकी, संपली आणि १९५१ साली तलाव सरकारजमा झाले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मासेमारीचे ठेके वेगळे, पाणीपट्टी वेगळी, दुरुस्ती वेगळी. गाळ साचत गेला, उघड्या पडलेल्या काठावर अतिक्रमणे झाली, आणि दक्षिण अमेरिकेतून आलेल्या बेशरम या वनस्पतीने उथळ पाणी व्यापले. इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे: मालगुजार हा काही लोकसेवक नव्हता. पाळीवरची माती अनेकदा वेठीने टाकून घेतली जाई आणि पाण्यावर पहिला हक्क त्याच्या शेताचा असे. ती व्यवस्था गेली हे योग्यच झाले, तिच्या आठवणीने कोणी गहिवरू नये. पण मालकी काढून घेताना त्या मालकीला बांधलेले कर्तव्य कोणाकडे जाणार, याचे उत्तर दिले गेले नाही. ते गावाकडे, म्हणजे धान पिकवणाऱ्या आणि मासे धरणाऱ्या माणसांकडे द्यायला हवे होते.

दुसरे म्हणणे असे की गाळ हाच रोग असेल तर यंत्र लावून तो काढावा. गाळ काढलाच पाहिजे, पण कुठून काढायचा हे बघायला हवे. पोकलेनने काठापासून सरळ खोल खणले की पाणी साठते, पण उतरता काठ जातो. उथळ भाग नाही म्हणजे वनस्पती नाहीत, माशांना अंडी घालायला जागा नाही आणि सारसाला पाय टेकायला ठिकाण नाही. पूर्वी गाळ थोडाथोडा, दरवर्षी, हाताने निघत असल्याने तलावाचा आकार शाबूत राहत होता. यंत्रही तसे चालवता येते, मात्र ते कुठे थांबवायचे हे काठाची माहिती असलेल्या माणसाने सांगावे लागते.

या तलावांना पाणथळ म्हणून राखण्यातला सर्वांत मोठा अडसर कायद्याच्या व्याख्येत आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांनी खास सिंचनासाठी बांधलेल्या जलाशयांना पाणथळ जागेच्या व्याख्येतून वगळले. धरणांचा कारभार अडू नये, हा त्यामागचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण १९७१ च्या रामसर कराराची व्याख्या नैसर्गिक आणि कृत्रिम असा भेद करत नाही. महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ, २०२० साली जाहीर झालेले नांदूर मध्यमेश्वर, हेही गोदावरीवर सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्यामुळेच तयार झाले. तिथे सिंचन आणि पक्षी एकत्र नांदतात, तर शेकडो वर्षे तेच करत आलेल्या झाडीपट्टीच्या तलावांना निराळा न्याय कशासाठी? व्याख्या बदलायला वेळ लागेल. तोवर २००६ च्या वनहक्क कायद्याचा आधार आहे. जलाशयातील मासे आणि इतर उत्पादनांवरचा सामूहिक हक्क त्यात मान्य केलेला आहे. अनुसूचित क्षेत्रात १९९६ चा पेसा कायदा लहान जलाशयांचे नियोजन पंचायतींकडे सोपवतो. झाडीपट्टीतल्या पात्र ग्रामसभांनी आपल्या तलावावर हे दावे दाखल करावेत आणि त्या दाव्यात ढिवरांचे नाव पहिल्या ओळीत लिहावे.