भीमथडीतील एक नित्यक्रम

बारामती तालुक्याच्या जिराईत टापूत, मोरगावापासून फारसे दूर नसलेले लोणी भापकर हे गाव असून, तेथील मल्लिकार्जुनाचे प्राचीन देवालय, त्यापुढील रेखीव पुष्करिणी आणि यज्ञवराहाची पाषाणमूर्ती पाहण्यासाठी शिल्पाचे अभ्यासक वाट वाकडी करून येतात. अभ्यासकांची दृष्टी स्तंभांवर आणि शिल्पपट्टांवर खिळते हे स्वाभाविकच आहे. परंतु अशा देवालयाचे खरे आयुष्य पहाटेच्या पूजेत, सांजेच्या दिव्यात आणि जाता येता उंबऱ्याला हात लावून पुढे शेताकडे निघणाऱ्या माणसांत चाललेले असते, व त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. मोरगावचा मयूरेश्वर हाकेच्या अंतरावर, तुकोबांची पालखी दर आषाढवारीला यवत, वरवंड, उंडवडी करीत बारामतीस मुक्कामाला येणारी. अशा मुलखात देव हा वर्षातून एकदा भेटावयाचा पाहुणा नसून कामाधंद्यात सोबत असणारा धनी आहे, ही समजूत कोणास मुद्दाम शिकवावी लागत नाही. याच मुलखात, लोणीहून मोरगाव, सुपे आणि चौफुला असा रस्ता धरला म्हणजे जे केडगाव लागते, तेथे गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर ख्रिस्ती नित्योपासनेचा एक मोठा प्रयोग झाला. त्याच्या चमत्कारांच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. त्याच्या साध्या दिवसांविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही, आणि माझ्या मते त्याचे मोल त्या साध्या दिवसांतच आहे.

सुपे आणि केडगाव ही दोन्ही गावे जुन्या भीमथडी तालुक्यातली. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात रयतेने सावकारांची घरे लुटली, कर्जरोखे जाळले, आणि दख्खनच्या दंग्यांना तेथून तोंड फुटले. त्या धगीतून मुलूख सावरतो न सावरतो तोच १८७६ चा दुष्काळ उभा राहिला. ज्या स्त्रीने पुढे केडगावच्या माळावर वसाहत उभारली, तिने दुष्काळ दुसऱ्या प्रांतात आणि फार जवळून पाहिला होता. ही स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलींना संस्कृत शिकविण्याचे साहस केले आणि पुढे सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत राहिले. मद्रास इलाख्यातील दुष्काळात १८७४ च्या सुमारास वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास ही दोघे पायी हिंदुस्थान तुडवीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली, आणि तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

या पुराणिकी बालपणाकडे चरित्रकार केवळ विद्वत्तेची पूर्वपीठिका म्हणून पाहतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या घरात पहाटेपासून निजेपर्यंत पाठांतर, पूजा, उपवास आणि वाचन यांखेरीज दुसरा व्यवसाय नव्हता, त्या घरात वाढलेल्या मुलीला दिवस हा उपासनेच्या खुंट्यांवर टांगलेला असतो याचे बाळकडूच मिळाले होते. पुढे तिने त्या धर्माचा त्याग केला, त्यावर कठोर टीका केली, तिच्या टीकेने पुण्यातील पुष्कळांची मने दुखावली. पण खुंट्या तशाच राहिल्या.

१८८३ साली त्या इंग्लंडात गेल्या, वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघात राहिल्या आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या संघाचा दिवस ठरलेल्या प्रहरांच्या प्रार्थनांत वाटलेला असे. शिस्त रमाबाईंना मानवली, परंतु शिस्तीमागची सत्ता मानवली नाही. धर्ममताच्या बाबतीत आपली सदसद्विवेकबुद्धी कोणा बिशपाच्या हवाली करण्यास त्या तयार नव्हत्या, आणि मांसाहार न करण्याचा नेमही त्यांनी त्या परक्या देशात सोडला नाही. भगिनी जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचला म्हणजे एक गुरुभगिनी आणि एक हट्टी शिष्या यांच्यातील प्रेमळ पण तीक्ष्ण वाद समोर उभा राहतो, व त्या वादात शिष्येचे पारडे पुष्कळदा जड वाटते.

नित्य प्रार्थनेची गोष्ट सार्वजनिक वादाचा विषय व्हावी असा प्रसंग मात्र पुण्यात आला. रमाबाईंनी विधवांसाठी १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत उघडलेले शारदासदन पुढच्याच वर्षी पुण्यास आले. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने त्यास दहा वर्षे द्रव्यसाहाय्य देण्याचे पत्करले होते, आणि सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही अशी अट होती. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती ती या अटीच्या भरवशावर. याच सुमारास रमाबाईंच्या अंतःकरणात पालट घडत होता. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपणास अद्याप भेटला नाही, ही जाणीव त्यांना बोचू लागली आणि १८९१ च्या आसपास ती बोच शमली, असे त्यांनीच पुढे आपल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. त्यानंतर त्यांची सकाळची खासगी प्रार्थना अधिक उत्कट झाली, आणि तिच्या वेळी खोलीचे दार उघडे राहू लागले. मुलींना कोणी बोलावले नव्हते. पण मुली आत येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने गहजब केला, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि १८९३ साली सल्लागार मंडळाने राजीनामा दिला.

त्या उघड्या दाराचा न्यायनिवाडा आज करणे सोपे नाही. रानड्यांच्या बाजूने पाहिले तर ज्या बालविधवेस जगात दुसरा आसरा नाही, तिच्यापुढे तिच्या एकुलत्या आश्रयदात्रीने रोज पहाटे गुडघे टेकावेत आणि याला धर्मोपदेश म्हणू नये, हे मानणे भोळेपणाचे झाले असते. रमाबाईंच्या बाजूने पाहिले तर ज्या घरात हिंदू मुलींना आपापल्या देवांची पूजा करण्याची पूर्ण मोकळीक होती, त्या घरात घरधनिणीनेच आपला देव कडी लावून पुजावा, ही मागणी विचित्र होती. माझा कल दुसरीकडे झुकतो, पण पहिल्या बाजूची चिंता खोटी होती असे मी म्हणणार नाही. शिवाय रमाबाईंना कडी लावणे शक्यच नव्हते, असे वाटते. ज्याला ईश्वर सर्व घटकांचा सोबती वाटतो, त्याला त्याच्यासाठी एक बंद खोली राखून ठेवता येत नाही.

केडगावची जमीन रमाबाईंनी फळबागांच्या उत्पन्नावर सदन स्वावलंबी व्हावे या हिशेबाने घेतली होती. स्थानक ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या वाटेवर, भोवती उघडा माळ, पाण्याची तूट. विहिरी खोदणे हेच पहिले काम. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या; त्यांची संख्या तीनशेच्या घरात होती. तोच पुण्यात प्लेग शिरला, सरकारी निर्बंध आले, आणि या मुलींना केडगावच्या माळावर तंबूंत आणि झोपड्यांत ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. १८९८ साली असोसिएशनची दहा वर्षांची मुदत संपली, धर्मनिरपेक्षतेची अट गळाली, आणि केडगावची ही वसाहत मुक्तिसदन या नावाने उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून उभी राहिली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या, तेव्हा वसाहत दोन हजारांच्या जवळ पोहोचली. एखादा कसबाच म्हणावा.

एवढ्या लोकांना, आणि तेही उपासमारीने मन व शरीर दोन्ही मोडलेल्यांना, ईश्वराच्या सान्निध्यात जगावयास शिकवायचे म्हणजे काय करायचे? ध्यानधारणेस लागणारी फुरसत तेथे नव्हती. पहाटे घंटा, प्रार्थना, मग काम: दळण, भाकऱ्या, विणकाम, शिवण, घाणा, दुभती जनावरे, बागेचे पाणी, छापखाना, मध्ये शाळा आणि शास्त्रवाचन, संध्याकाळी पुन्हा प्रार्थना. अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन निघाले, तेथे मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकविली, आणि ज्यांना आयुष्यात एक अक्षर ठाऊक नव्हते त्या बोटांनी शास्त्र वाचू लागल्या. कृपासदन, प्रीतिसदन अशी निरनिराळ्या दुःखांसाठी निरनिराळी घरे होती. संस्थेच्या इंग्रजी वार्तापत्राचे नावही ‘मुक्ति प्रेअर बेल’ असेच होते.

युरोपात ईश्वराच्या सान्निध्यात जगण्याच्या या साधनेचा आद्य प्रवक्ता म्हणून ज्याचे नाव घेतात, तो ब्रदर लॉरेन्स हा सतराव्या शतकातील पॅरिसच्या कार्मेली मठातला एक लंगडा गृहबंधू. पूर्वी शिपाईगिरी केलेला हा माणूस मठात मुदपाकखान्यावर नेमला गेला, आणि प्रार्थनेची वेळ व भांडी घासण्याची वेळ यांत आपणास अंतर वाटत नाही, असे त्याने सांगितले. त्याची संभाषणे व पत्रे १६९१ मध्ये झालेल्या त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. तो साधुपुरुष थोर खराच. पण त्याच्या मुदपाकखान्यात धान्य उद्या येईल की नाही, ही विवंचना बहुधा नसावी. केडगावी ती रोजची होती. रमाबाई ठराविक वर्गणीचा भरवसा न धरता प्रार्थनेवर विसंबत असत, आणि त्यामुळे तेथे ईश्वराच्या उपस्थितीचा प्रश्न हा कोठीच्या हिशेबाशी जोडला गेलेला होता.

१९०५ सालच्या जूनअखेरीस मुक्तिसदनात जे ‘संजीवन’ झाले त्याची कीर्ती जगभर गेली. वेल्सकडील धर्मजागृतीचे वर्तमान ऐकून रमाबाईंनी वर्षाच्या आरंभी मुलींची प्रार्थनामंडळे बसविली होती. प्रथम सत्तर, पुढे साडेपाचशे मुली दिवसातून दोनदा जमत. मग एके रात्री रडणे, पापांगीकार, शेकडो कंठांनी एकाच वेळी मोठ्याने केलेली प्रार्थना. पाहुणे चकित झाले, काही नाराजही झाले. या घटनेस पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात मानाचे स्थान मिळाले आहे, आणि तिचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तथापि उमाळा ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी जाते ओढावेच लागते, आणि त्या जात्यापाशी काय उरले हे पाहणारा इतिहासकार विरळा.

शेजारच्या नगर जिल्ह्यात नारायण वामन टिळकांनी याच साधनेला वेगळी वाट काढली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग आणि कीर्तन ही वारकऱ्यांची साधने ख्रिस्ती उपासनेत निःसंकोच आणली, तुकोबांच्या मार्गानेच आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत, आणि १९१७ साली साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्याआधी तीनशे वर्षे, १६१६ साली, फादर स्टीफन्सने गोव्यात ओवीबद्ध ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले होते, तेव्हा ही वाट अगदीच नवी नव्हती. रमाबाईंना मात्र जुन्या भक्तीचा आधार घेणे रुचले नसते; त्या मार्गात पोळलेल्या होत्या. तरीही ‘उपासना संगीत’ उघडून टिळकांची पदे गाणारी मराठी ख्रिस्ती कुटुंबे आणि केडगावची घंटा ऐकून उठणाऱ्या बाया यांच्या दिवसाची ठेवण एकच होती, ती वारीच्या वाटेवरच्या मुलखाची.

रमाबाईंचे स्वतःचे नित्यकर्म अखेरच्या काळात एकच उरले. रूढ मराठी बायबल संस्कृतप्रचुर असून अडाणी बायकांस ते कळत नाही, या तक्रारीवरून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सबंध शास्त्राचे नवे भाषांतर हाती घेतले आणि पंधराहून अधिक वर्षे ते चालविले. जिने संस्कृताच्या बळावर कलकत्ता जिंकला, तिने उतारवयात संस्कृत शब्द वेचून वेचून बाहेर काढावेत, यात एक प्रकारचे प्रायश्चित्त असावे की काय, असा विचार मनात येतो. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तिसदनातील स्त्रियाच करीत. त्यांतील कित्येक दुष्काळाच्या गाडीतून आलेल्या होत्या. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. एकुलती लेक गेल्यावरही मुद्रिते तपासणे थांबले नाही. भाषांतर पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. ग्रंथ १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला, आणि सदनातून शिकून निघालेल्या शिक्षिका, परिचारिका व गावोगाव शास्त्र वाचून दाखविणाऱ्या बाया यांच्या पिशव्यांतून भीमेच्या दोन्ही तीरांवर गेला.